दहाव्याच्या शब्दातली गाडी

माझ्याकडं एक जुनी, दोन सीटांची, फार वेगानं पळणारी गाडी आहे. ती कुणालाही देणार नाही, असा शब्द तिच्या आधीच्या मालकाला दिला गेला होता. शब्द दिला तेव्हा तो मालक जाऊन दहा दिवस झाले होते. मला हे कळलं ते गाडी घेतल्यावर चार महिन्यांनी, भर दुपारी, मेंढरांच्या कळपात अडकून उभी असताना. मेलेल्याला दिलेला शब्द माझ्यासारखीला बांधत नाही, असं मी त्या दुपारी स्वतःला बजावलं. तेव्हापासून बजावतेच आहे.

माझ्यासारखी म्हणजे कशी, ते सांगायला हवं. माझे वडील परभणीत शाळामास्तर होते आणि शाळा सुटली की पत्रकं काढायचे. हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, टँकरच्या पाण्यातल्या जातीविरुद्ध. अर्धा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, खाली ‘वाचा आणि पुढे द्या’. मी अक्षरओळख त्या मथळ्यांवर केली. जेवायला बसण्याआधी शंभर पत्रकांच्या घड्या घालायच्या, हा घरचा नियम. त्यातलं एक पत्रक दहाव्याच्या कावळ्यावर होतं. ‘कावळा भुकेला असतो, मेलेला माणूस नव्हे’, असा त्याचा मथळा. ते गंगाखेडच्या घाटावर वाटताना वडलांना कुणीतरी पाण्यात ढकललं. ते ओल्या कपड्यांनी एसटीतून घरी आले आणि गठ्ठा डोक्यावर धरून कसा कोरडा ठेवला, हेच रात्रभर सांगत राहिले. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते पत्रक पाठ म्हणून दाखवलं.

अशा घरातल्या मुलीला असली गाडी कशाला हवी, हे मला खूप जणांनी विचारलं. पुण्यात मी सात वर्षं नोकरी केली. तिथल्या एका सहकाऱ्यानं एका रविवारी त्याची गाडी मला वीस मिनिटं चालवू दिली. इंजिन पाठीमागं, अगदी मणक्याला लागून. पाय जरा दाबला की गाडी आधी जाते आणि आपला विचार मागून येतो. त्या वीस मिनिटांत मी कुणालाच काही पटवून देत नव्हते. तोवरच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

नोकरी घरी बसून करायची सोय झाली तशी मी परभणीला परत आले आणि ठरवलं, गाडी घ्यायची. वेग ही काही कंत्राटदारांच्या पोरांची वतनदारी नाही. वडलांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून अर्ध्या कागदावर सात मुद्दे लिहून त्यांच्या ताटाशेजारी ठेवले. त्यांनी लाल पेनानं दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, समासात ‘मुद्दा चौथा कच्चा’ असं लिहिलं आणि कागद परत केला. तीच परवानगी.

नवी गाडी माझ्या आवाक्यात नव्हती. जुनी घ्यायची तर पारखून. या गाड्यांचं एक उलटं असतं. कमी चालली म्हणजे चांगली, असं नसतं. उभी राहिलेली गाडी आतून मरते. रबर वाळतं, तेल खाली बसतं, टायर एकाच अंगावर राहून चपटं होतं. रंग नवा दिसला की जास्त घाबरायचं. इंजिन धुऊन चकाचक केलेलं दिसलं की तेल कुठून गळतंय ते लपवलंय असं समजायचं. आणि सगळ्यात आधी मालक बघायचा. गाय घेताना लोक आधी गोठा बघतात, तसा. मी हैदराबादला दोन बघितल्या, संभाजीनगरला एक. तिन्हींचे मालक इतकं गोड बोलले की मी परत फिरले.

मग परभणीतल्या एका मिस्त्रींनी, ज्यांना आख्खा मोहल्ला चाचा म्हणतो, ही सांगितली. चाचांचा हात ट्रॅक्टर आणि जीपवर बसलेला, पण कान कुठल्याही इंजिनाला लागतो. गंगाखेडच्या पुढं, राणीसावरगावच्या वाटेवर, एका ऊसवाल्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे म्हणाले. मुलाची होती. मुलगा हैदराबादला नोकरीला होता, तिथंच डेंग्यूनं गेला. पाच दिवसांत. गाडीला सव्वा वर्ष कुणी हात लावला नाही.

अपघाताची गाडी नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आज आठवतं आणि नकोसं होतं.

शेडमध्ये ठिबकच्या नळ्या होत्या, सोयाबीनची पोती होती आणि मधोमध ती. ताडपत्री काढल्यावर चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग वाकून म्हणाले, “बेटा, इच्या पोटाखालून मांजर बी जाणार न्हाई.” पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिन नाही. तिथं सामानाची जागा असते. चाचांनी मुलाच्या वडलांकडं बघून गंभीर चेहऱ्यानं विचारलं, इंजिन कुणी नेलं का. ते माणूस हसले नाहीत. पांढरा शर्ट, पायजमा, हातात किल्ली. किल्ली ते सारखी या हातातून त्या हातात करत होते.

चाचांनी जीपची बॅटरी आणली होती, ती जोडली. मी आत बसले. दारावर सीटची दोन बटणं होती. एकदा बेतून ठेवलं की बटण दाबल्यावर सीट त्या माणसाच्या मापाला जाते. मी पहिलं दाबलं. सीट घरघरत मागं गेली, खाली गेली, बाहेरचे आरसे आपोआप फिरले आणि त्यांत मला शेडचं छत दिसायला लागलं. माझे पाय कशालाच पोचेनात. कुणीतरी उंच माणूस माझ्या खाली पसरून बसला आहे आणि मी त्याच्या मांडीवर आहे, असं वाटलं. मी घाईनं दुसरं बटण दाबलं. सीट पुढं आली, वर आली, आणि माझे पाय क्लचवर असे बसले जसं काही माझंच माप घेतलं होतं.

गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. त्या आवाजासरशी मुलाचे वडील शेडबाहेर निघून विहिरीकडं चालायला लागले. आणि कुठूनसा एक तांबडा कुत्रा धावत आला. शेपूट हलवत थेट ड्रायव्हरच्या खिडकीशी. मला बघितलं, आणि जागच्या जागी खाली बसला.

समोरच्या कप्प्यात एक छोटी वही होती. अर्धी उंदरांनी खाल्लेली. मुलगा नेटका होता. तेल कधी बदललं, टायरात हवा किती, कुठं किती चालली, सगळं बारीक अक्षरात. एका पानावर लिहिलं होतं: ‘आई. कारखान्याच्या मैदानात तीन फेऱ्या. दोनदा बंद पडली. क्लच पटकन सोडते.’ म्हणजे दुसरं बटण कुणाचं, ते मला त्याच मिनिटाला कळलं. मी खाली उतरले आणि मुलाच्या वडलांना विचारलं, त्याच्या आई कुठं आहेत? ते म्हणाले, माहेरी गेली, जिंतूरकडं, भाच्याचं लग्न आहे. मी पुढं काही विचारलं नाही. आयुष्यभर प्रश्न विचारायला शिकलेली मी, आणि तिथं गप्प बसले, कारण मला गाडी हवी होती.

आणखीही विचारण्यासारखं होतं. ते म्हणाले, मंगळवारीच न्या, दुपारी बारापर्यंत. गावातून नेऊ नका, मागच्या पाणंदीनं ट्रकवर चढवून न्या. आणि शक्य झालं तर ह्या रस्त्याला आणू नका. मी हे सगळं एका बापाचं दुःख म्हणून समजून घेतलं, आणि माझ्या समजूतदारपणावर खूशही झाले. कागदांवर आईची सही होती. अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याचं जे काही असेल ते कायद्यानं आधी आईचं होतं, बापाचा नंबर नंतर. हे मी एका पत्रकात स्वतः लिहिलं होतं. म्हणून ती सही बघून मला उलट आनंद झाला. बाईच्या हक्काची सही, सुवाच्य, ठसठशीत.

गाडी परभणीला आली. नवीन बॅटरी, तेल, पट्टे, सगळं झालं, पण टायर मी तेच ठेवले. चाचा म्हणाले, चालेल. मात्र सव्वा वर्ष एका जागी बसून त्यांना चपटेपणा आला होता. रोज पहिले सात-आठ किलोमीटर मागून टप, टप, टप असा आवाज यायचा. टायर तापले की थांबायचा. कुणीतरी बरोबर चालत येतंय आणि मग मागं पडतंय, असा.

गावात या गाडीची फार मजा व्हायची. गतिरोधक दिसला की तिरकी घालायची, एक चाक आधी, मग दुसरं, आणि तोवर मागची एसटी हॉर्न वाजवत थांबलेली. एका कंडक्टरनं दारातून वाकून विचारलं, “ताई, वरचा अर्धा माल मागून यायलाय का?” पेट्रोल पंपावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, किती माणसं बसतात. दोन म्हटलं. “मंग बाकीचे कशानं येतात?” बाकीचे, हाच तर आमच्या घरातला कायमचा विषय होता.

नव्या सिमेंटच्या रस्त्यावर मात्र सकाळी सहाला ती मोकळी सुटायची. गंगाखेडकडं जाणारा सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना ऊस, आणि तिसऱ्या गिअरमध्ये तिचा आवाज बदलायचा, खालच्या पट्टीतून एकदम वर. मी सुखी होते. पण एकटी नव्हते. गाडी चालू केली की समोरच्या पडद्यावर रोज एक ओळ यायची. जोडलेला फोन सापडत नाही. त्याचा फोन. गाडी रोज त्याला शोधायची, दहाएक सेकंद, आणि मग सोडून द्यायची. ती नोंद पुसायला दोन बटणं दाबावी लागतात. मी पुसली नाही. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, आणि कारण सांगता न येणारी गोष्ट मी त्याआधी कधी केली नव्हती.

चौथ्या महिन्यात मी त्या रस्त्याला गेले. ‘आणू नका’ म्हटलेल्या. शक्य झालं तर, असं ते म्हणाले होते. राणीसावरगावच्या अलीकडं मेंढरं आडवी आली. मी इंजिन बंद करून थांबले. कळपामागून एक बाई आली, डोक्यावर घोंगडी, हातात काठी. तिनं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“आली व्हय दुरुस्त हून?”

मी म्हटलं, कोण?

“गाडी. मालकीणबाई कवापासून वाट बघायल्यात. हैदराबादला धाडली हाय मने, उंदरानं वायरी खाल्ल्या. तुमी कंपनीच्या का?”

तिची मेंढरं दर साली त्या कुटुंबाच्या रानात खतासाठी बसवलेली असतात. म्हणून तिला सगळं ठाऊक होतं. मी कोण ते मी सांगितलं नाही. ती काठीवर हनुवटी टेकून सांगत राहिली, आणि मेंढरं गाडीच्या दोन्ही अंगांनी, दारांना घासत, पुढं जात राहिली.

दहाव्याला सगळं गाव गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, बसलं होतं. पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, एकही खाली येईना. बाप म्हणाला, बहिणीचं सगळं नीट करतो. कावळा येईना. चुलता म्हणाला, बांध कोरणार नाही. त्यावर मागं कुणीतरी हसलं म्हणे, कारण चुलता वीस वर्षं बांधच कोरत आला होता. तरी कावळा येईना. ऊन डोक्यावर आलं. ब्राह्मण दर्भाचा कावळा करायला बसला.

“मंग मालकीणबाई बायांतून उठल्या. पुढं जाऊन मनल्या, तुजी गाडी कुणाला देत न्हाई. मी चालवीन. एवढं मनून व्हतंय न् व्हतंय तवर कावळा पिंडावर.” तिनं काठी उचलली. “लय जीव हाय बगा त्येंचा ह्या गाडीत. जायलाव न्हवं तिकडं?”

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही. मेंढरं संपल्यावर मी गाडी वळवली आणि परभणीला आले. त्या दिवशी टायरचा आवाज घरापर्यंत थांबला नाही. टायर तापलेले होते. हे मला आजही उलगडत नाही. रस्त्याचाच असेल.

वडलांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते कावळ्याचं पत्रक काढतील आणि माझ्या हातात देतील. त्यांनी चष्मा पुसला. मग सही कशी मिळाली असेल, एवढंच विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, “कावळा राहू दे बाजूला. सही बघ आधी.”

मी दोन दिवस रागात काढले. राग मला सोपा जातो. बायकोला माहेरी पाठवून, खोटं सांगून, तिची वस्तू विकणारा नवरा. पोराच्या मरणानं खचलेल्या बाईला कावळ्याच्या पायाशी बसवणारं गाव. मथळेसुद्धा तयार झाले डोक्यात. तिसऱ्या दिवशी गाडीचे सगळे कागद घेतले आणि सकाळी अकराला उघडपणे, गावातल्या रस्त्यानं, त्यांच्या दारात गाडी उभी केली.

मुलाचे वडील पुढं आले. आवाज त्यांना आतच ऐकू गेला असणार. चेहरा उतरलेला. मी त्यांना काही बोलू न देता विचारलं, सही काय सांगून घेतली? ते खाली बघत म्हणाले, विम्याचे कागद म्हणून. मी मग बरंच बोलले. ते ऐकून घेत होते. शेवटी हळू म्हणाले, “ताई, ती रोज दुपारी शेडात जाऊन त्यात बसायची. दार लावून. जेवायची न्हाई, बोलायची न्हाई. पोरगं तर गेलं. मला ही तरी राहू द्यायची व्हती.”

माझे मथळे तिथंच थांबले. पण मी थांबले नाही. मला थांबता आलं असतं, तर पुढचं वाक्य मी बोलले नसते.

बाई बाहेर आल्या. ठेंगण्या, माझ्याएवढ्याच. हात पिठाचे होते. गाडीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं, मी तोंड उघडण्याआधीच. तरी मी सांगितलं. गाडी मी विकत घेतली. तुमची सही फसवून घेतली आहे, कायद्यानं गाडी तुमची, हे कागद, मी परत करायला आले आहे. त्या गाडीकडंच बघत राहिल्या. ते बघणं मला सहन होईना. आणि मी, घाटावर ढकललेल्या बापाची मुलगी, म्हणाले, “काकू, आणि त्या शब्दाचं मनाला लावून घेऊ नका. कावळा भुकेला असतो. त्याला काही कळत नाही.”

त्यांनी पदराला हात पुसले. राग नव्हता चेहऱ्यावर. मी काही तरी लहान मुलासारखं बोलले असावे, असं बघितलं.

“कावळा येडाच असतोय, बाई. मला ठावं हाय. मी कावळ्याला न्हाई बोलले.”

मी उभी राहिले. मला वाटतं, त्या वाक्यापुढं मी अजून तिथंच उभी आहे.

कागद त्यांनी हातात घेतले नाहीत. परत ठेवली तर मी परत त्यातच जाऊन बसन, म्हणाल्या, ह्यांचं तेवढं खरं आहे. नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, पण खांद्यावर कुणी तरी हात ठेवल्यासारखं ते माणूस खाली ओट्यावर बसलं. मग मला म्हणाल्या, “किल्ली दे. मी चालवीन मनले व्हते. एकडाव तरी चालवू दे.”

चपला काढून त्या आत बसल्या. मी डावीकडं. त्यांनी दाराकडं न बघता बोट नेलं आणि दुसरं बटण दाबलं. सीट जराही हलली नाही. मी चार महिने त्यांच्याच मापात बसत होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. समोरच्या पडद्यावर ती ओळ आली, फोन सापडत नाही. इंग्रजीत होती. त्यांनी ती वाचली की नाही, कळलं नाही. दहा सेकंद संपेपर्यंत मात्र त्यांनी गाडी हलवली नाही.

साखर कारखाना तिथून तीन किलोमीटर. हंगाम संपलेला, मैदान रिकामं, कडेला उसाच्या पाचटाचा जुना ढीग. त्यांनी दोनदा बंद पाडली. क्लच पटकन सोडत होत्या. तिसऱ्यांदा नीट उचलली आणि मैदानाला फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गिअरच्या पुढं गेल्या नाहीत. ओठ हलत होते, बहुतेक स्वतःलाच सूचना देत होत्या, किंवा कुणाच्या तरी सूचना परत म्हणत होत्या. वजनकाट्याजवळ गाडी थांबवून त्यांनी इंजिन बंद केलं आणि मला म्हणाल्या, जरा उतर.

मी उतरून काट्याच्या खोलीच्या सावलीत गेले. तिथून त्यांची नुसती पाठ दिसत होती, काचेतून. दोन्ही हात स्टिअरिंगवर. ऊन वाढत गेलं. मैदानात दुसरं कुणी नव्हतं. मी भित्री नाही. अमावास्येला स्मशानात भाकरी खाऊन दाखवणाऱ्या लोकांत मी वाढले. पण त्या भर दुपारी मी गाडीच्या डाव्या सीटकडं बघायचं टाळलं, आणि मी ते टाळते आहे हे मला कळत होतं.

पंधरा-वीस मिनिटांनी त्या उतरल्या. दार हळू लावलं, झोपलेल्याला जाग येऊ नये असं. माझ्यापाशी आल्या.

“सांगितलं त्याला,” म्हणाल्या. “तुजी गाडी माज्याकडून ऱ्हायली न्हाई मनून. दिली मनून.”

मी विचारायला नको होतं. मी विचारलं, मग?

“कुणाला दिली, मनायलाय. मी मनलं, एक पोरगी हाय परभणीची. वाईट न्हाई. बोलती जरा लय.” त्या थांबल्या. “नाव इचारलं त्यानं. मला ठावं न्हवतं. काय नाव तुजं?”

असं काही नसतं, हे मला त्यांना सांगता आलं असतं. नऊ वर्षांची असल्यापासून ते वाक्य माझ्या जिभेवर आहे. समोर एक बाई उभी होती, घामानं कपाळाचं कुंकू ओघळलेलं, आणि तिला आपला दिलेला शब्द नीट सोडवायचा होता. त्यासाठी तिला एक नाव हवं होतं, बस. आणि हेही खरं, की मी ते नाव द्यायला घाबरले होते. नसलेल्या माणसाला आपलं नाव कळल्यानं काय बिघडतं? काहीच नाही.

मी नाव सांगितलं. वडलांचंही सांगितलं, आडनावासकट, वर्गात उभं राहून सांगतात तसं.

त्या परत गाडीपाशी गेल्या. टपावर हात ठेवला, वाकल्या आणि माझं पूर्ण नाव, एकेक अक्षर सावकाश, आत म्हणाल्या. मग डावीकडच्या दारानं आत बसल्या आणि पुढं बघत राहिल्या. मी त्यांना घरी सोडलं. वाटेत एवढंच म्हणाल्या की ऊन लय आहे, काच वर कर.

त्याला आता वर्ष होत आलं. मी त्या गावाला परत गेलेले नाही. मधे हैदराबादहून एक माणूस आला होता. गाडी बघून त्याचे डोळे लकाकले. त्यानं पुष्कळ विनवण्या केल्या, दोनदा परत फोन केला. चाचाही म्हणाले, बेटा, पावसाळ्याआधी काढून टाक, इचे पार्ट आता मिळत न्हाईत, ही तुला रडवणार. दोघांनाही मी नाही म्हणाले. चाचांनी कारण विचारलं. मी म्हटलं, नाव सांगून बसले आहे. त्यांनी फडक्याला हात पुसले, गाडीकडं बघितलं आणि मागच्या चाकाची हवा बघायला वाकले.